मौनीचा अर्धा तास

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३

आठ वर्षं माझ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घातल्या आणि जाताना निरोप ठेवला तो शेजारच्या कुलूपवाल्याकडे. माझ्याकडे नाही. तो सकाळी कानात काडी फिरवत दारात उभा राहिला आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, तुमची घडीवाली आजपासून येणार नाही, तिला दुसरीकडे काम मिळालं. मी म्हटलं, मला माहीत आहे. माहीत कसलं डोंबल.

वर्षात ही तिसरी. एकही तोंडावर सांगून गेली नाही.

नातीचा फोन आला. ती मोठ्या ऑफिसात मॅनेजर आहे, हाताखाली नऊ माणसं. मी म्हटलं, माणसांना माज आलाय. ती म्हणाली, आजी, तुझ्या मशीनवाल्याला मुलं किती? मी म्हटलं, दोन. फोन ठेवून त्याला विचारलं. चार. थोरली नोकरीला लागली. बारा वर्षं माझ्याकडे आहे माणूस. मशीनमधून चादरी ओढताना मान वर न करता त्याने सांगितलं. मला उगीच चष्मा पुसावासा वाटला. पुसला. स्वच्छच होता.

नातीने उपाय सांगितला आहे. वन-ऑन-वन मीटिंग. म्हणजे दर आठवड्याला एकेका माणसाला अर्धा तास समोर बसवायचं. दार लोटून. त्याने बोलायचं, आपण ऐकायचं. मीटिंग झाली की तो काय म्हणाला ते लिहून ठेवायचं. म्हणून ही वही. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर टपोरं आहे. मॅनेजरबाईंचं गिचमिड असतं.

आता उरली माणसं तीन. मशीनवाला धुतो. गाडीवाला गाठोडी आणतो आणि पोचवतो. आणि इस्त्रीवाली, तिला सगळे मौनी म्हणतात, कारण एकोणीस वर्षांत ती एकोणीस वाक्यं बोलली असेल. मंगळवार मशीनवाल्याचा, बुधवार गाडीवाल्याचा, गुरुवार मौनीचा. मौनीला शेवटी ठेवलं. तिची काळजी नाही. ती कुठे जाते?

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११

पहिली मीटिंग पार पडली. मागच्या खोलीतल्या साबणाच्या गोण्या सरकवून दोन खुर्च्या मांडल्या. माझ्या खुर्चीवर उशी. गजराचं घड्याळ लावलं अर्ध्या तासाचं.

मशीनवाला दात उपटून घ्यायला आल्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला. मी म्हटलं, मोकळेपणाने बोल. तो घसा साफ करत होता तेवढ्यात मला वाटलं, आधी थोडी पार्श्वभूमी सांगावी. एक घमेलं आणि एक कोळशाची इस्त्री घेऊन मी हा धंदा कसा उभा केला, ते सांगितलं. नवरा गेल्यावर दीर कसा वागला ते सांगितलं. घमेल्याला भोक पडलं इथपर्यंत आले तर गजर वाजला. वेळ कसा गेला कळलं नाही. त्यालाही कळला नसावा, डोळे मिटले होते.

तो काय म्हणाला: जाऊ का?

५ फेब्रुवारी, बुधवार

गाडीवाला बोलका आहे. बसल्या बसल्या म्हणाला, गाडीचा हॉर्न चार महिने बंद आहे. मी म्हटलं, मीटिंगमध्ये तक्रारी नकोत, मनातलं बोल. तो म्हणाला, मनातच आहे चार महिने. मी समजावलं की हॉर्न वाजवतो तो कच्चा ड्रायव्हर, खऱ्या ड्रायव्हरला लोक आपण होऊन वाट देतात. त्याने छताकडे पाहिलं. पटलेलं दिसलं.

पुढच्या वेळी कमी बोलायचं. नात म्हणते सत्तर टक्के ऐकायचं, तीस टक्के बोलायचं. आज माझं थोडं पुढेमागे झालं असेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२

मौनी आली ती हातात घडी केलेला कागद घेऊन. पदराने तोंड पुसून, केस नीट करून आली होती. मला बरं वाटलं, मीटिंगला मान देते बाई. पण म्हटलं, कागदबिगद नको, आपण काय परक्या आहोत? तिने कागद कमरेला खोचला.

मग मी तिचं कौतुक केलं. नात म्हणाली होती कौतुक आधी करायचं. एकोणीस वर्षांत दाराजवळच्या खिळ्यावर मौनीचं नाव एकदाही लागलेलं नाही. हा माझा जुना नियम आहे: ज्याच्या हातून कपडा जळेल त्याने तो आठ दिवस त्या खिळ्याला टांगायचा, वर स्वतःच्या नावाची चिठ्ठी. येणारं जाणारं बघतं. एकदा टांगला की माणूस पुन्हा जाळत नाही. घडीवालीचा अभ्रा टांगला होता तेव्हा ती रडली होती, पण शिकली. हे सगळं मौनीला उलगडून सांगितलं आणि म्हटलं, तुझा हात म्हणजे हात. तिने हात मांडीखाली घेतले. लाजली.

गजर वाजला. ती दारात थांबली, मग गेली.

ती काय म्हणाली: काही नाही. स्वभावच तसा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हॉटेलच्या दोनशे चादरी एकदम आल्या. मीटिंग रद्द करायची नाही असं नातीने बजावलं आहे, म्हणून ती मौनीच्या टेबलाशीच उभ्याने घेतली. वाफेचा आवाज, मशीनचा आवाज, मी ओरडून बोलत होते. तीही काहीतरी बोलली. दोनदा. मी मान हलवली. मान हलवली की समोरच्याला आपण ऐकतोय असं वाटतं, हेही नातीचंच.

एक नवीन खूळ दिसलं. पूर्वी मौनी बोट ओलं करून इस्त्रीच्या तव्याला टेकवायची, चट की झालं, तापलीय का ते कळायचं. आता चमच्याने पाणी टाकते आणि खाली वाकून कान देते, इस्त्री जणू तिच्या कानात गुपित सांगणार आहे. वय झालं की नखरे सुचतात. मी तिच्याहून बारा वर्षांनी मोठी आहे, मला नाही सुचले.

ती काय म्हणाली: ऐकू आलं नाही. महत्त्वाचं असतं तर मोठ्याने बोलली असती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०

डॉक्टरचा कोट जळला. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग, नाव कोरल्यासारखा. तिघांना उभं केलं. विचारलं, कुणी?

मौनी काहीतरी म्हणणार तोच मशीनवाला पुढे आला. म्हणाला, माझ्या हातून झालं आजी, ती पाणी प्यायला गेली होती, मी हात लावला.

बारा वर्षांत इस्त्रीला हात न लावलेला माणूस आज कसा लावेल, हे मनात आलं होतं. आलं होतं, उगाच खोटं का लिहू. पण मग वाटलं, माणूस आपण होऊन चूक कबूल करतोय, हे कशाचं फळ? मीटिंगचं. दोनच मीटिंगा झाल्या आणि बघा.

कोट खिळ्यावर. त्याच्या नावाची चिठ्ठी मी स्वतः टपोऱ्या अक्षरात लिहिली. कुलूपवाल्याने येऊन वाचली आणि हसला. मशीनवाला मशीनमागे गेला तो जेवायलाही बाहेर आला नाही. मौनीने दिवसभर खिळ्याकडे पाठ करून इस्त्री केली, उलट्या बाजूने उभी राहून. उजेड तिकडून येत नाही तरी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मौनीची मीटिंग पुढच्या आठवड्यावर. मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. गेले नाही, पण जायचं होतं. खरं तर तिच्यासमोर बसून गप्प राहायचा कंटाळा येतो. आपण बोलावं तर तीस टक्के, ती बोलणार शून्य, उरलेले सत्तर कुणी भरायचे?

तिने विचारलं, पुढच्या गुरुवारी नक्की ना?

तिचं पहिलं वाक्य वहीत लिहिलं. मीटिंगची गोडी लागली आहे तिला.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

नातीचा फोन. मी म्हटलं, सगळ्या मीटिंगा वेळेवर होतात, माणसं अगदी मन मोकळं करतात. तिने विचारलं, मौनी काय म्हणते? मी म्हटलं, खूश आहे. काय म्हणते, ती पुन्हा म्हणाली, शब्द सांग. मी म्हटलं, नक्की ना. नात म्हणाली, नक्की ना म्हणजे काय? मी म्हटलं, रेंज जातेय, आणि फोन ठेवला.

स्वतःच्या नातीशी खोटं बोलले, तेही रेंजचं. ती लहान असताना गृहपाठ केला म्हणून मला असंच सांगायची आणि मी तिचा कान धरायची. कान गरम वाटला आज. थोडा वेळ अंगणात बसले.

या गुरुवारी एक शब्द बोलायचा नाही. तोंडात लवंग धरून बसायचं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १

लवंग धरली. खुर्च्या समोरासमोर. दार लोटलं. घड्याळ लावलं. मी गप्प. मौनी गप्प. साबणाचा वास तेवढा बोलत होता. दहा मिनिटं झाली असतील. तिने परत तो कागद काढला, उलगडला, त्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "आजी, माझी बोटं..."

आणि मला इतकं बरं वाटलं! एकोणीस वर्षांत ही बाई माझ्याशी स्वतःबद्दल बोलतेय. आता तिला एकटं वाटू द्यायचं नाही, आपलंही काहीतरी सांगायचं, म्हणजे ती खुलेल. लवंग थुंकली. म्हटलं, बोटांचं मला विचार. ही बघ. हा अंगठा थंडीत वळत नाही. ही करंगळी दाराच्या फटीत सापडली होती, लेक तान्हा होता तेव्हा. तेल कोणतं लावायचं, कोणत्या वैद्याने फसवलं, गरम पाण्यात किती वेळ बुडवायची, सगळं सांगितलं. तिच्या पुढ्यात दहाच्या दहा बोटं मोजून दाखवली. मध्ये ती एकदा म्हणाली, तसं नाही आजी. मी म्हटलं, सुरुवातीला सगळ्यांना तसं नाही असंच वाटतं.

मग धंद्याचंही सांगून घेतलं. घडीचं टेबल रिकामं आहे, त्यावर नवी चुणचुणीत बाई घेणार आहे म्हटलं. नवी बाई कुठली? कुणीच नाही. पण मालकाने नेहमी चार पावलं पुढचं बोलावं.

ती कागदाची घडी घालू लागली. बारीक, बारीक, आणखी बारीक.

गजर वाजला. आजची मीटिंग सगळ्यात चांगली झाली. दोघींची मनं जुळली.

ती काय म्हणाली: माझी बोटं. तसं नाही.

४ मार्च, मंगळवार

लिहवत नाही. तरी लिहिते, नियम म्हणजे नियम.

सकाळी साडेनऊला जळका वास आला. मी खुर्चीवरूनच ओरडले, मौने, कपडा जळतोय. ती इस्त्री धरून उभी, चादर पांढरीशुभ्र, कुठे डाग नाही. मी पुन्हा ओरडले, वास कसला? ती वाकून चादरीवर डाग शोधत होती. मशीनवाला धावत आला आणि त्याने तिचा डावा हात इस्त्रीखालून ओढला.

चादर ताणून धरायला ठेवलेला हात. इस्त्री त्याच्यावर होती. तिला कळलंच नव्हतं. ती ओरडली नाही. हाताकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

गाडीवाल्याने दवाखान्यात नेलं. मी बरोबर निघाले होते, मशीनवाला म्हणाला, तुम्ही थांबा. तुम्ही थांबा, मला. माझ्या दुकानात. थांबले.

५ मार्च, बुधवार. सकाळी

मशीनवाल्याला बोलावलं. त्याने खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच बोलला, आणि गजर लावला नसताना बोलला.

मौनीला साखरेचा आजार आहे. तीन महिन्यांपासून बोटांच्या टोकांना काही लागत नाही, आता पंजालाही. गरम नाही, गार नाही, सुई टोचली तरी नाही. बोट टेकवून इस्त्री कळेना म्हणून पाणी टाकून कानाने ओळखत होती. डॉक्टरने सांगितलं होतं, गरम वस्तूजवळ काम नको. घडीवाली सोडून गेली त्या दिवशी मौनीला आनंद झाला होता म्हणे. बिचारीला वाटलं, टेबल रिकामं झालं, आजीला सांगून घड्यांवर जाऊ. कोट तिच्याच हातून जळला होता. मशीनवाल्याने अंगावर घेतला, कारण एकोणीस वर्षांनी तिचं नाव खिळ्याला लागलेलं त्याला बघवलं नसतं.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? चढ्या आवाजात म्हटलं. सवय.

तो म्हणाला, मी सांगतो म्हटलं होतं. तीच नको म्हणाली. म्हणाली, "गुरुवारी माझी मीटिंग आहे ना, तेव्हा मीच सांगते."

दर आठवड्याला लेकीकडून चार ओळी लिहून घ्यायची, म्हणजे बोलताना विसरायला नको.

तो मशीनकडे गेला. मी बसले होते तिथेच बसले. या बाईने माझ्या त्या मीटिंगवर भरवसा ठेवला. मी ठेवला नव्हता तेवढा.

वही उघडली. पहिल्या पानापासून वाचली. मी काय काय म्हटलं ते पानंच्या पानं. घमेल्याचं भोकसुद्धा आहे. मौनीचे शब्द मोजले. 'आजी' सोडून आठ.

खिळा उपटायला गेले. पक्कड लावली, हिसडे दिले. निघाला नाही. मीच ठोकलेला, चांगला ठोकला आहे.

६ मार्च, गुरुवार

मौनीच्या घरी जायला हवं. आज गुडघा दुखतोय.

दुपारी: गुडघा दुखत नाहीये.

७ मार्च, शुक्रवार

आजही गेले नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं? आणि भरल्या हाताने गेलं तर वाटेल की विकत घ्यायला आली. शिवाय एक मोठी अडचण. ती राहते कुठे, मला माहीत नाही. एकोणीस वर्षं सकाळी सातला माणूस दारात येतं, म्हणून ते दारातच उगवतं असं नाही.

गाडीवाल्याला विचारावं लागेल. त्याला कळेल की मला माहीत नव्हतं. त्याला आधीच कळलं असणार. सगळ्यांना सगळं माहीत असतं, न सांगता निघून जाणाऱ्या तिघींनासुद्धा माहीत होतं. सांगून फायदा नाही, हे.

नातीचा फोन दोनदा आला. उचलला नाही.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५

जाऊन आले.

गाडीवाल्याने नेलं. गाडीचा हॉर्न बंद, त्यामुळे तो खिडकीतून मुंडकं बाहेर काढून लोकांना हाका मारत होता: ओ काका, सरका, ओ ताई, बाजूला. भर रस्त्यात. एक म्हातारा दचकून पडता पडता वाचला. मी सीटवर खाली खाली सरकत गेले. गाडीवाल्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, त्यापेक्षा पाहिलं असतं तर बरं.

वाटेत ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. एकच वाक्य. चुकलं माझं, घडीचं टेबल तुझं आहे. बास. नऊदहा वेळा घोकलं. एवढं तर पोपटालाही जमतं.

दोन खोल्या, जिना अरुंद, कठड्याची लाकडी पट्टी हात ठेवून ठेवून गुळगुळीत झालेली. लेकीने दार उघडलं. आईसारखंच नाक. मला ओळखलं नाही, मग ओळखलं, आणि चेहरा बंद झाला. मौनी आत पलंगावर टेकून बसली होती, डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. उशाशी एका दोरीवर धुतलेले कपडे. इस्त्री नसलेले. इस्त्रीवालीच्या घरातले.

मी तोंड उघडलं आणि काय बाहेर पडलं? दवाखाना बरा आहे का. ती पट्टी कुणी बांधली, सैल दिसते. माझ्या नवऱ्याचा हात भाजला होता तेव्हा आम्ही काय लावलं होतं. जिना फार उंच आहे. घरात उजेड कमी आहे. मशीनवाला कसा चांगला माणूस. मी ऐकत होते स्वतःला. थांब म्हणत होते. घाबरलेलं माणूस पळतं, तशी माझी जीभ पळत होती आणि मी मागे.

मौनीने उजवा हात वर केला. मास्तर करतात तसा.

"आजी, मला एकदा पूर्ण बोलू द्याल?"

मी म्हटलं, हो बोल ना गं, मी कधी अडवलंय तुला, त्या दिवशी तर तोंडात लवंग धरून बसले होते, मुद्दाम तुझ्यासाठी...

मग मला ऐकू आलं.

मी थांबले, पण थांबायची वेळ टळून गेली होती. मौनी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. राग चालला असता. मशीन बंद पडलं की मशीनवाला बघतो ना, हे आता दुरुस्त होईल की नाही, तसं. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. आडवी झाली.

लेकीने मला जिन्यापर्यंत सोडलं. म्हणाली, आईला तुमच्याकडेच काम करायचं आहे, ती दुसरीकडे जाणार नाही म्हणते, का ते मला कळत नाही. पण घड्यांवर नवी बाई आली ना? मी मान हलवली, नाही. नुसती मान. ती म्हणाली, मग आईला सांगून बघते. तिच्या काही अटी आहेत. ती सोमवारी सकाळी दुकानात फोन करेल, स्वतः बोलेल. मग म्हणाली, तिचं सगळं बोलून होईपर्यंत कुणीतरी ऐकलं तर येईल. नाही ऐकलं तर पुन्हा फोन करणार नाही, हे तिने मला आधीच सांगून ठेवलंय.

मी "बरं" म्हटलं. दिवसभरात नीट बोललेला तेवढा एक शब्द. तोही जिन्यात.

ते एक वाक्य, घोकलेलं, तसंच पोटात घेऊन परत आले. परत येताना गाडीवाल्याला म्हटलं, हॉर्न उद्याच्या उद्या बसव. तो म्हणाला, रविवार आहे.

९ मार्च, रविवार. दुपारी २

नातीला फोन केला. खरं सांगितलं, पहिल्यापासून. सांगायला चाळीस मिनिटं लागली. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मला वाटलं, फोन कट झाला. म्हटलं, आहेस का? ती म्हणाली, आहे, ऐकतेय. इतकं विचित्र वाटलं. कुणी आपलं पूर्ण ऐकलं की अंगावरचं काहीतरी उतरतं, आणि मग थंडी वाजते. मौनीला हे दर गुरुवारी हवं होतं, आणि ती केस नीट करून यायची त्यासाठी.

विचारलं, उद्या फोनवर मी काय बोलू? नात म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, काही नाही म्हणजे निदान हॅलो? ती म्हणाली, आजी.

सराव केला. आरशासमोर बसून कान धरले आणि पाच मिनिटं गप्प राहायचं ठरवलं. दुसऱ्या मिनिटाला आरशातल्या बाईला सांगायला लागले की तुझा पदर वाकडा आहे.

१० मार्च, सोमवार. सकाळी ६:३०

दुकान उघडायच्या आधी पुठ्ठ्यावर लिहून फोनच्या वर लावलं आहे. इथेही उतरवून ठेवते.

आज सकाळी मौनीचा फोन येईल. तेव्हा मशीन बंद. वाफ बंद. गाडीवाल्याने बाहेर उभं राहायचं आणि कुलूपवाल्याला आत येऊ द्यायचं नाही. ती म्हणेल ते सगळं कागदावर लिहायचं, तिच्या शब्दांत, आणि तिचं बोलणं संपल्यावर विचारायचं, अजून काही? ती जे मागेल त्याला हो म्हणायचं. तिने विचारलं आजी कुठे आहेत, तर सांगायचं, इथेच आहेत, ऐकतायत.

फोन मशीनवाल्यानेच उचलायचा. मी हात पुढे केला तर माझ्या हातावर मारायचं.